पॉइंट टू-टूचं देणं

मी क्रीडाशिक्षक झालो, पोरांच्या हातात एअर रायफल दिली आणि त्यातली काही पोरं पुढे राज्य स्पर्धेपर्यंत गेली. त्यावरून गावात कुणी माझं कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं होतं. कारण यातलं माझं स्वतःचं असं फार थोडं आहे. जे आहे ते एका हवालदाराचं. एनसीसीत आम्ही त्यांना फक्त ‘उस्ताद’ म्हणायचो. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावचे. त्यांनी मला कुठली गोळी कशासाठी आणि कुठली कशासाठी नाही, हे शिकवलं. ऐकायला हे एवढंसं वाटतं, पण माझ्या पुढच्या आयुष्याची दिशा त्यावरच ठरली.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळापासून फार लांब नाही. कालवा आला तिकडे ऊस झाला, आमच्या बाजूला मुरमाड माळ तसाच राहिला. कुसळीचं गवत, तरवड, बोरी, आणि त्यात ससे, तितर, चिंकारे, लांडगे. आमच्या घरात बंदूक नव्हती, पण चुलत आजोबांकडे, म्हणजे आप्पांकडे, पीकरक्षणाच्या परवान्यावरची एक नळीची बारा बोअर होती. 1972 साली वन्यजीव कायदा आला आणि शिकार बंद झाली. त्यामुळे माझ्या वाट्याला शिकार आली नाही, शिकारीच्या गप्पा तेवढ्या आल्या. रात्री ओट्यावर म्हातारी माणसं बसायची. रानडुकराला एलजी, सशाला चार नंबर, तितराला सहा नंबर, असा हिशेब चालायचा. मी कान देऊन ऐकायचो. मोठं जनावर, मोठा छर्रा. लांबचं जनावर, जोराचा बार. जो बार जास्त जोरात जातो तोच चांगला, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती समजूत घेऊनच मी बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात गेलो आणि एनसीसीत नाव घातलं. खरं सांगायचं तर देशसेवेपेक्षा रायफल हातात मिळेल हेच त्यामागचं कारण होतं.

पहिल्या फायरिंगच्या दिवशी उस्तादांनी आम्हाला रायफलीला हातच लावू दिला नाही. डोंगराच्या पायथ्याला चांदमारी होती. तिथं उन्हात बसवलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. पॉइंट टू-टू, म्हणजे 5.6 मिलिमीटर. बोटाच्या पेराएवढं. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी शिशाची गोळी, गोळीला मेणाचा बारीक लेप. मला हसूच आलं. आप्पांच्या काडतुसापुढे हे म्हणजे अगदीच पोरखेळ.

उस्तादांनी माझं हसू पाहिलं असावं. ते जवळ आले आणि म्हणाले, “सांग गड्या, ही गोळी सोडली तर थांबणार कुठं?”

मी समोरच्या टार्गेटकडे बोट केलं. टार्गेट 25 यार्डांवर होतं.

“ते कागद हाय. कागद गोळी थांबवत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. या गोळीचं वजन 40 ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडं वर. पण नळी वर करून सोडली तर ती मैलाच्याही पुढे जाते. सपाट माळावर, मुरमावर तिरकी आपटली तर उसळते. पाण्यावरूनही उसळते. कालव्याच्या बाजूला तोंड करून ही कधी सोडायची नाही. शिसं मऊ असलं तरी वेग कमी असल्यानं गोळी फुटत नाही, दिशा बदलून पुढे जाते, आणि मग तिच्यावर कुणाचा हक्क राहत नाही.

त्या दिवशी आम्हाला मोजकी काडतुसं मिळाली. फायरिंग संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात, तेव्हा एक कमी भरली. सूर्य कलला तरी आम्ही गवतात गुडघ्यावर शोधत होतो. कुणी कुरकुरलं, “एका पुंगळीनं काय होतंय उस्ताद?” ते स्वतःही आमच्यासारखेच गुडघ्यावर होते. मान वर न करता म्हणाले, “जी मोजली न्हाई ती गोळी कुटं गेली ते कोन सांगणार?” पुंगळी एका कॅडेटच्या कॉलरमध्ये अडकलेली सापडली. सगळे हसलो. मीही हसलो, पण सगळ्या गावात एवढा दरारा असलेल्या आप्पांनी एकदाही रिकामं काडतूस मोजलेलं मी पाहिलं नव्हतं, हे त्याच क्षणी लक्षात आलं.

पुढच्या वेळी त्यांनी टार्गेटमागचा मातीचा बांध उकरायला लावला. आतून गोळ्या निघाल्या. काही बटणासारख्या चपट्या, काहींची एकच बाजू घासलेली, एक मात्र जवळजवळ जशीच्या तशी. उस्तादांनी त्या रुमालावर ओळीत मांडल्या. चपटी झालेली दगडाला लागली होती. घासलेली कडेनं सरकत गेली होती. आख्खी राहिलेली मऊ मातीत अलगद रुतली होती. सोडताना तिन्ही सारख्याच होत्या. “बंदुकीच्या तोंडाशी काय हाय ते सगळेच बघत्यात,” ते म्हणाले, “तू दुसऱ्या टोकाला बघायला शीक.” त्या वेळी मला वाटलं, म्हातारा सुरक्षेचं लेक्चर देतोय. नेमबाजीचं सगळं शास्त्र त्यांनी त्या रुमालावर मांडलं होतं, हे कळायला मला बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या शूटिंग टीममध्ये आलो. मग आप्पांच्या ओट्यावरची समजूत पुन्हा डोकं वर काढू लागली. आम्हाला मिळणारी काडतुसं साध्या वेगाची होती, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. कुणीतरी सांगितलं की ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणून एक प्रकार असतो, तो पावणेचारशेच्या पुढे जातो. मी उस्तादांना गाठलं आणि टीमसाठी ती काडतुसं मागवता येतील का, असं विचारलं. जोरात जाईल तेवढी वाऱ्यानं कमी हलेल, हा माझा युक्तिवाद.

उस्ताद रागावले नाहीत. कागद घेऊन बसले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण पलटणीच्या शूटिंग टीममध्ये ते अनेक वर्षं राहिलेले. जे हातानं अनुभवलं होतं ते त्यांनी मला समजेल अशा तऱ्हेनं मांडलं, आणि पुढे पुस्तकं वाचली तेव्हा त्यातला शब्दही खोटा निघाला नाही. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडा जास्तच. साधी गोळी पहिल्यापासूनच त्याच्या खाली असते, ती एका लयीत जाते. वेगवान गोळी आवाजाच्या वर सुटते, पण हवा तिला लगेच अडवते. शंभर यार्ड गाठायच्या आतच ती आवाजाच्या वेगाखाली येते आणि ती हद्द ओलांडताना डगमगते. वारा गोळीला किती सरकवतो हे ती वाटेत किती वेग गमावते त्यावर ठरतं, नुसत्या वेगावर नाही. म्हणून ताशी 16 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात शंभर यार्डांवर साधी गोळी सुमारे चार इंच सरकते आणि वेगवान गोळी पाचाच्या वर. मी दोनदा विचारलं, “जास्त सरकते? जोराची?” ते म्हणाले, “भरधाव बैलाला वळवायला जास्त वाव लागतो का न्हाई?”

म्हणून जगभरातले 50 मीटरचे नेमबाज आजही आवाजापेक्षा सावकाश जाणारी गोळी वापरतात. हाय व्हेलॉसिटीचा उपयोग आहे, पण तो वेगळा. जिथे कायदा परवानगी देतो त्या देशांत सशासारखं लहान जनावर मारायला ती वापरतात, आणि तीही टोकाला खळगा असलेली. खळग्याची गोळी आत गेल्यावर फाकते, जनावर जागच्या जागी संपतं आणि गोळी पलीकडे निघून जाण्याची शक्यता कमी होते. सरावाला भरीव, गोल नाकाची गोळी पुरते. ती स्वस्त आणि सातत्याची असते. तिनं आरपार जावं, कारण पलीकडे बांध आहे हे आपण आधीच पाहिलेलं असतं. उस्तादांनी ही दोन वापरांची विभागणी अशी सांगितली की ती कायमची लक्षात राहिली. शिकारीची गोळी जनावराच्या आत थांबली पाहिजे, सरावाची गोळी बांधात. जिला थांबायची जागा नाही ती गोळी निवडायचीच नाही.

मग त्यांनी माझ्याकडून आणखी एक गोष्ट करून घेतली. एकाच जातीच्या काडतुसांच्या दोन पेट्या होत्या, तारखा वेगळ्या. दोन्हींतून पाच-पाच गोळ्या झाडायला लावल्या. रायफल तीच, मी तोच, वारा पडलेला. एका पेटीची पाच भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली. दुसऱ्या पेटीची नाण्याच्या बाहेर विखुरली. मी दुसऱ्या पेटीला नावं ठेवायला लागलो, तर उस्ताद म्हणाले, “पेटी वाईट न्हाई. ह्या रायफलीला ती आवडत न्हाई.” दुसऱ्या कॅडेटच्या रायफलीतून तीच पेटी उत्तम चालली.

पुढे पुण्यात बालेवाडीला एका स्पर्धेच्या निमित्तानं गेलो तेव्हा कळलं की उस्ताद आठ आण्याच्या नाण्यावर जे करत होते तेच जगातले अव्वल नेमबाज करतात. युरोपात एली, लापुआ अशा कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर जाऊन ते आपली रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच पेट्यांनी उचलतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिचला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, 451.4 गुणांनी. दोघांच्याही रायफलीत काडतूस हेच, पॉइंट टू-टू, माझ्या तळहातावर उस्तादांनी ठेवलेल्या मापाचं. तिथल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं. स्वप्निल यांचा अंतिम सामना मी शाळेच्या कार्यालयात पोरांबरोबर पाहिला. पोरं ओरडत होती. मला मात्र सारखं वाटत होतं की हा सामना बघताना शेजारी उस्ताद असायला हवे होते.

कॉलेज संपलं तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. भरतीला जावं, की बी.पी.एड. करून शाळेत शिकवावं. भरतीचा मोह मोठा होता. मी उस्तादांना विचारायला गेलो. ते म्हणाले, “पलटणीला पोरं मिळत्यात. गावाला शिकवणारा मिळत न्हाई. तुला समजावून घ्यायला वेळ लागतो, म्हणून तू समजावून सांगशील.” माझ्या मंदपणाचं कुणी इतकं भलं केलेलं मला तोवर माहीत नव्हतं. मी बी.पी.एड. केलं आणि माझ्याच तालुक्यातल्या एका हायस्कुलात लागलो.

शाळेत रायफल आणणं सोपं नव्हतं. अखेर वर्गणीतून 10 मीटरची एक एअर रायफल आली. ती 4.5 मिलिमीटरची, तिला गोळी नव्हे, छर्रा लागतो. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजन. ताकद पॉइंट टू-टूच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. पण दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे निवडीत ढिलाई चालत नाही. छर्ऱ्याचं डोकं 4.49, 4.50, 4.51 अशा बारीक फरकानं येतं आणि प्रत्येक नळीची आवड निराळी. स्पर्धेला आणि सरावाला चपट्या डोक्याचा छर्रा घ्यायचा, कारण तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण वाचता येतात. टोकदार छर्रा कागद फाडतो, भोकाची कड कळत नाही. डबी खाली पडली तर त्यातले छर्रे वापरायचे नाहीत; मऊ शिसं चेपतं. आणि सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. हे सगळं मी पोरांना सांगतो तेव्हा वाक्य माझं असलं तरी लकब उस्तादांची असते.

पोरांना मी दोन माणसांची माहिती जरूर देतो. एक, भारताच्या नॅशनल रायफल असोसिएशनची 1951 साली स्थापना झाली तेव्हाचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच. मूळ रत्नागिरीकडचं घराणं. त्यांच्या नावाची स्पर्धा पार करून पोरांना राष्ट्रीय स्पर्धेची वाट मिळत आली आहे. दुसरे, सलीम अली. लहानपणी त्यांनी खेळण्यातल्या एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथे मिलार्ड साहेबांनी त्यांच्यापुढे पक्ष्यांचं सगळं दालनच उघडलं. 1985 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही त्या चिमणीचं पडणं आहे. गोळी लागल्यानंतर खाली वाकून बघणारा तो मुलगा होता. उस्तादांनी मला रुमालावर जे दाखवलं ते याहून वेगळं नव्हतं.

शाळेत रायफल आल्याचं पंचक्रोशीत कळलं तसे मोठे लोकही यायला लागले. “सर, डुकरानं ऊस लोळवलाय, कंचा छर्रा चालंल?” हा प्रश्न दर हंगामात येतो. त्यांचं नुकसान खरं असतं. रात्रभर राखण करून डोळे तांबारलेले असतात. अशा माणसाला कायद्याचा दम देऊन परत पाठवणं मला जमत नाही. मी त्यांना खुर्ची देतो आणि छर्रा हातावर ठेवून समजावतो. हा छर्रा डुकराच्या कातडीखाली कुठंतरी बसेल. डुक्कर मरणार नाही. जखम चिघळवत ते महिनाभर उसात फिरेल आणि चवताळून एखाद्या तोडणीवालीच्या अंगावर जाईल. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करा, भरपाई मागा, बंदोबस्ताची रीतसर परवानगी मागा. अर्ज लिहायला मी बसतो. बहुतेक जण ऐकतात.

एकदा एक तरुण वेगळंच विचारायला आला. माळावर चिंकारे येतात, पॉइंट टू-टू कुठे मिळेल, कुठली गोळी घ्यावी? चिंकारा पहिल्या अनुसूचीतला प्राणी, मारला तर किमान तीन वर्षांची कैद, हे मी सांगितलंच. पण तेवढ्यावर तो हलेना. मग मी त्याला उस्तादांचाच प्रश्न केला. तू सोडशील ती गोळी थांबणार कुठं? वीस-बावीस किलोच्या जनावराला ही गोळी पुरत नाही. ते पोटात शिसं घेऊन पळेल आणि रात्री कुठल्या तरी ओघळीत मरेल, तुला सापडणारही नाही. आणि चुकली तर माळावर समोर काय आहे? मेंढरांचा वाडा आहे, वाड्यात माणसं झोपलेली आहेत. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्यानं तो विषय काढल्याचं माझ्या कानावर आलं नाही. अलीकडे वनखात्यानं कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला गवताळ रानातली सफारी सुरू केली. त्यातून माळावरच्या काही पोरांच्या हाताला काम मिळालं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात तर 1997 पासून चिंकाऱ्यांना हक्काची जागा आहे. लोक पुण्याहून गाडी करून चिंकारा नुसता पाहायला येतात, हे आप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

उस्ताद निवृत्त होऊन गावी गेल्यावर मी अधूनमधून त्यांना भेटायला जायचो. शेवटचा गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. नजर मंदावली होती, आवाज मात्र तोच. माझी एक विद्यार्थिनी राज्य स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली होती. ते सांगायला मी गेलो होतो, पेढे घेऊन. त्यांनी पेढा हातात धरला आणि तिचे गुण विचारले नाहीत, नंबर विचारला नाही. विचारलं ते एवढंच:

“टार्गेटच्या मागं काय लावलंय?”

मी म्हणालो, “उस्ताद, जाड लोखंडी पत्रा आहे, तिरका. छर्रा खाली पेटीत पडतो. त्याच्या मागं दगडी भिंत. त्या बाजूचा दरवाजा सरावाच्या वेळी आतून कडी लावून बंद असतो.”

“कडी कोन बघतं?”

“मी स्वतः बघतो.”

मग त्यांनी पेढा तोंडात घातला.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. माझ्या हातून काही बरं घडलं असेल तर त्याचा मान त्यांचा आहे, हे मी शाळेत दरवर्षी सांगतो. आज कागदावर लिहून ठेवलं. ती विद्यार्थिनी आता स्वतः दुसऱ्या एका शाळेत मुलींना शिकवते. तिचा परवा फोन आला होता, रेंजसाठी नवी खोली मिळाली म्हणून. मी अभिनंदन केलं आणि पाठोपाठ तोंडातून निघालं, “टार्गेटच्या मागं काय लावलंय?” ती हसून म्हणाली, “सर, पत्रा आधी बसवला, मगच तुम्हाला फोन केला.”